साहसाची व्याख्या, पान अठरा

फुकेतच्या सहलीत आमच्या घरातल्या सात जणांपैकी तिघांनी स्कूबा केलं. दोघं पॅराशूटला लटकून समुद्रावर चक्कर मारून आले. झिपलाइनवर वहिनीने अशी किंकाळी फोडली की खालची माकडं पांगली. यांतल्या कुणाला साधं खरचटलंही नाही. हात मोडला तो माझ्या धाकट्या भावाचा, आणि तो सकाळी सात वाजता आईसाठी शहाळं आणायला निघाला असताना. भाड्याची स्कूटर होती, वळणावर वाळू होती, बस्स. मनगटाच्या हाडाला तडा गेला. प्लास्टर झालं, एक्स-रे झाले आणि बिल हातात पडलं तेव्हा आम्ही निवांत होतो, कारण विमा काढलेला होता. तोही साधासुधा नव्हे. 'साहसी खेळांसह' या रकान्यात खूण करून, वरचे पैसे मोजून काढलेला.

परत आल्यावर महिन्याभरात दावा फेटाळल्याचं पत्र आलं. त्यात साहसाचा उल्लेखही नव्हता. भावाकडे परवाना होता, पण चारचाकीचा. परवान्यावर 'एलएमव्ही' होतं, दुचाकीचं 'एमसीडब्ल्यूजी' नव्हतं. वैध परवान्याशिवाय चालवलेल्या वाहनाचा अपघात विम्यातून वगळलेला आहे, हे पॉलिसीच्या अठराव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही मात्र पहिलं पान वाचून विमानात बसलो होतो. विम्याची रक्कम तिथे ठळक टायपात होती. भाऊ भांडायला निघाला. मी ते पान दोनदा वाचलं आणि त्याला म्हटलं, "बाबा रे, कंपनीचं बरोबर आहे."

तेव्हापासून परदेशी निघालेल्या नातलगांच्या पॉलिसी वाचण्याचं काम घरात माझ्याकडे आलं. यंदा न्यूझीलंडचा बेत ठरला आणि पुन्हा कागदांचा ढीग समोर आला. आजवर वाचलेल्या कागदांवरून एवढं नक्की सांगते, की साहसी सहलीच्या विम्यात रक्कम दुसऱ्या नंबरवर येते. पहिला नंबर व्याख्येचा. कोण, काय, किती उंचीवर, किती खोल, कुणाच्या देखरेखीखाली करणार, हे ठरल्याशिवाय कुठली पॉलिसी चांगली ते सांगताच येत नाही. आणि कुटुंब एक असलं तरी सात माणसांचे बेत सात असतात.

तीन शब्दांचं अंतर

गैरसमजाची सुरुवात घरच्या मेडिक्लेमपासून होते. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्य विम्यातून वगळायच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येक बाबीला क्रमांक दिला. त्यातली नववी बाब धोकादायक किंवा साहसी खेळांची. पॅराजम्पिंग, प्रस्तरारोहण, गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यती, घोड्यांच्या शर्यती, स्कूबा, हँग ग्लायडिंग, स्कायडायव्हिंग अशी यादी तिथे आहे. पण यादीच्या आधी तीन शब्द आहेत: 'व्यावसायिक म्हणून भाग'. म्हणजे पोटापाण्यासाठी हे खेळ खेळणाऱ्याला वगळलं आहे. सुट्टीत कोलाडला राफ्टिंग करणाऱ्या किंवा तारकर्लीला स्कूबाची डुबकी मारणाऱ्या हौशी माणसाला हे कलम आडवं येत नाही.

इथून माणूस पुढचा निष्कर्ष काढतो, की तारकर्लीला चाललं ते बालीलाही चालेल. तिथे फसगत होते. एक तर आपला नेहमीचा मेडिक्लेम बहुधा भारतातल्या उपचारांपुरताच असतो. दुसरं, परदेश प्रवासाच्या पॉलिसीत साहसी खेळांचं कलम वेगळं लिहिलेलं असतं आणि 'व्यावसायिक म्हणून भाग' हे तीन शब्द अनेकदा तिथे नसतात. मग हौशी आणि पोटार्थी दोघंही एकाच दाराबाहेर उभे राहतात.

प्रवास विम्याच्या पॉलिसी या बाबतीत ढोबळमानाने तीन तऱ्हांच्या. पहिलीत साहसी खेळ सरसकट बाहेर. दुसरीत खेळांची यादी दिलेली असते आणि यादीत जे आहे तेवढंच आत. तिसरीत जादा हप्ता भरून पूरक संरक्षण मिळतं, पण अटींसह: हौशी सहभाग हवा, प्रशिक्षित व्यक्तीची देखरेख हवी, सुरक्षा साधनं वापरलेली हवीत, स्पर्धा नको.

यादी वाचताना नावांवर बोट ठेवून वाचावं लागतं. होडीने ओढलेलं पॅराशूट म्हणजे पॅरासेलिंग आणि डोंगरावरून उडी घेऊन तरंगणं म्हणजे पॅराग्लायडिंग. बोलताना आपण दोन्ही एकच म्हणतो, पॉलिसी तसं म्हणत नाही. स्नॉर्कलिंग म्हणजे स्कूबा नव्हे. राफ्टिंगच्या प्रवाहांची जगभर एक ते सहा अशी प्रतवारी असते आणि काही पॉलिसी ठरावीक प्रतीच्या पुढे हात वर करतात. सहल कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र नुसतं 'थरारक जलक्रीडा' असं लिहिलेलं असतं. थरार किती नंबरचा, ते आपणच विचारायचं.

कळसूबाईपेक्षा उंच

मराठी घरांतून परदेशी साहसाला जाणाऱ्यांत ट्रेकर मंडळी पुष्कळ. सह्याद्रीत पाय तयार झालेले असतात, पुढचं स्वप्न एव्हरेस्ट बेस कॅम्पचं असतं. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. त्यामुळे नेपाळ परदेश वाटतच नाही आणि विम्याचा विचार काठमांडूच्या विमानात बसल्यावर सुचतो. बहुतेक पॉलिसी देश सोडण्याआधीच घ्याव्या लागतात, हे तिथे कळतं.

आता आकडे बघू. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटर, अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटर, आफ्रिकेतलं किलिमांजारो ५,८९५ मीटर. पॉलिसींमध्ये ट्रेकिंगला उंचीची मर्यादा असते. कुठे ३,००० मीटर, कुठे ४,५००, तर कुठे ६,०००. बेस कॅम्पची वाट लुक्लाहून सुरू होते, ते २,८६० मीटरवर आहे. नामचे बाजार ३,४४० मीटरवर. म्हणजे ३,००० मीटरची पॉलिसी घेऊन निघालेल्या ट्रेकरचा विमा साधारण दुसऱ्याच दिवशी, नामचेचा चढ चढताना, वाटेत मागे राहतो. उंचीवरच्या आजाराची खरी भीती त्यापुढे सुरू होते.

दुसरी अट दोराची. 'जिथे दोर किंवा वाटाड्या सहसा वापरला जातो असं गिर्यारोहण वगळून', ही जुनी शब्दरचना अजून काही पॉलिसींत आढळते. बेस कॅम्पला दोर लागत नाही, पण वाटाड्या तर बहुतेक जण घेतात. मग हा ट्रेक की गिर्यारोहण? या प्रश्नाचं उत्तर निघण्याआधी कंपनीकडून ईमेलवर घ्यावं. अपघातानंतर तोच प्रश्न कंपनी आपल्याला विचारते.

पाण्याखालचं गणित

स्कूबाचं गणित सोपं आहे, पण ते सहलीच्या वेळापत्रकाशी जुळवावं लागतं. प्रमाणपत्र नसलेल्या पाहुण्याला प्रशिक्षकाचा हात धरून साधारण १२ मीटरपर्यंत नेतात. 'ओपन वॉटर' हे पहिलं प्रमाणपत्र असेल तर १८ मीटर, त्यापुढचं असेल तर ३० मीटर, आणि हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर मानतात. पॉलिसीत लिहिलेली खोली आणि आपल्या खिशातलं प्रमाणपत्र, या दोहोंत जी मर्यादा कमी तीच आपली, असं धरून चालावं. प्रशिक्षक उत्साहाने म्हणतो, "अजून थोडं खाली कासव दिसेल." ते थोडं किती मीटर, हे मनगटावरचं यंत्र नोंदवत असतं आणि दाव्याच्या वेळी ती नोंद मागता येते.

दाबाखाली श्वास घेतल्याने रक्तात आणि पेशींत नायट्रोजन विरघळतो. माणूस घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होतात. त्यावर उपचार म्हणजे रुग्णाला उच्च दाबाच्या कक्षात, हायपरबॅरिक चेंबरमध्ये, ठेवणं. असे कक्ष प्रत्येक बेटावर नसतात, रुग्णाला तिथवर न्यावं लागतं. म्हणून पॉलिसीत या कक्षातले उपचार आणि तिथवरची वाहतूक, दोन्ही आहेत का हे विचारायचं. विमानात बसण्याबाबतही असाच नियम आहे: एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८ तास विमान टाळायचं. आपल्याकडच्या सहलींत शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि रात्री परतीचं विमान असा बेत सर्रास दिसतो. विमा बघण्याआधी तो बेत बदलावा.

आणि दोन फॉर्मांची गोष्ट. डायव्हिंग सेंटरवर आरोग्याचा फॉर्म भरतात: दमा आहे का, रक्तदाब आहे का, कानाचं ऑपरेशन झालं आहे का. डुबकी हुकू नये म्हणून लोक सगळीकडे 'नाही' लिहितात. विम्याच्या अर्जात मात्र त्याच माणसाने दमा जाहीर केलेला असतो. किंवा उलट. दाव्याच्या वेळी हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले जातात. दोन्ही ठिकाणी खरं तेच लिहिलेलं असावं, मग डुबकी हुकली तरी चालेल.

डोंगरावरून खाली कोण आणणार?

रुग्णालयातले उपचार, एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेणं आणि डोंगरावर अडकलेल्या माणसाला शोधून खाली आणणं ही तीन वेगळी कामं आहेत. आपल्याकडच्या प्रवास पॉलिसींत पहिली दोन बहुधा असतात. तिसरं, म्हणजे शोध आणि सुटका, असेलच असं नाही. 'वैद्यकीय स्थलांतर' हा शब्द वाचून हेलिकॉप्टर आलंच, असं गृहीत धरू नये.

स्वित्झर्लंडमध्ये या कामासाठी रेगा ही हवाई बचाव संस्था १९५२ पासून आहे. बर्फात पाय मोडला की १४१४ या क्रमांकावर फोन जातो आणि हेलिकॉप्टर येतं. ते फुकट नसतं. तिथले लोक रेगाला दर वर्षी ठरावीक वर्गणी देतात. त्यांच्या विम्याने खर्च उचलला नाही, तर संस्था वर्गणीदाराला तो माफ करू शकते. इंटरलाकेनला चार दिवस पॅराग्लायडिंग करायला गेलेल्या पुणेकराकडे अशी वर्गणी नसते. त्याला आपल्या पॉलिसीवरच विसंबावं लागतं.

नेपाळची कथा उलटी. तिथे हेलिकॉप्टर फार लवकर यायला लागलं. साध्या डोकेदुखीवरही ट्रेकरला खाली आणायचं, एकाच फेरीत अनेकांना बसवून प्रत्येकाच्या विमा कंपनीला स्वतंत्र बिल लावायचं, असे प्रकार वाढले. २०१८ साली नेपाळ सरकारच्या चौकशीत ट्रेकिंग कंपन्या, हेलिकॉप्टर कंपन्या आणि रुग्णालयं यांची साखळी उघडी पडली. परदेशी विमा कंपन्यांनी नेपाळचा विमाच बंद करण्याचा इशारा दिला. त्याची झळ आता प्रामाणिक ट्रेकरला लागते. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीच्या मदत केंद्राची संमती घ्यावी लागते, नाहीतर बिल अडकतं. तेव्हा मदत केंद्राचा क्रमांक फक्त फोनमध्ये नको. कागदावर लिहून वाटाड्याच्या खिशातही ठेवायचा. थंडीने फोनची बॅटरी आधी मान टाकते.

परक्या देशाची माया

न्यूझीलंडच्या बेतात मला सुखद धक्का बसला. तिथे १९७४ पासून अपघात भरपाईची सरकारी योजना आहे. एसीसी या नावाने ती ओळखली जाते. चूक कुणाची हे न विचारता अपघाती दुखापतीच्या उपचारांचा खर्च ती उचलते आणि परदेशी पर्यटकही तीत येतात. क्वीन्सटाउनजवळच्या कावाराउ पुलावर १९८८ साली व्यावसायिक बंजी उड्यांचं पहिलं कायमचं ठिकाण सुरू झालं. त्या ४३ मीटरच्या उडीत खांदा निखळला, तर तिथल्या उपचारांचा मोठा भाग ही योजना सोसेल.

मग विमा कशाला, असं माझ्या नवऱ्याने लगेच विचारलं. उत्तर योजनेच्या मर्यादांत आहे. आजारपण तीत बसत नाही. आईला न्यूमोनिया झाला तर तो खर्च आपला. मोडलेल्या पायाने तीन खुर्च्या अडवून मुंबईला परतायचं तिकीट तीत बसत नाही. रद्द झालेली हॉटेलं, जवळ थांबलेल्या माणसाचा मुक्काम, भारतात आल्यावरचे उपचार, काहीच नाही. शिवाय या योजनेच्या बदल्यात तिथल्या कायद्याने दुखापतीच्या भरपाईसाठी कोर्टात जाण्याचा मार्ग जवळजवळ बंद केला आहे.

युरोपात वेगळा घोळ. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, म्हणून बाजारात 'व्हिसापुरत्या' स्वस्त पॉलिसी मिळतात. त्या दूतावासाची अट भागवतात. स्कीइंग करणाऱ्याचं त्यात भागेलच असं नाही. ती पॉलिसी बर्फावर चालते का, आखलेल्या उतारांपुरती चालते की बाहेरच्या मोकळ्या बर्फावरही, हे वेगळं बघावं लागतं. इटलीत १ जानेवारी २०२२ पासून उतारांवर स्कीइंग करणाऱ्या प्रत्येकाकडे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई करणारा दायित्व विमा असणं सक्तीचं आहे. स्वतःच्या हाडांचा विमा वेगळा आणि आपण धडक दिलेल्या माणसाच्या हाडांचा वेगळा. हा दुसरा विमा तिथे लिफ्टच्या पासबरोबर खिडकीवरही मिळतो.

एका पॉलिसीत सात माणसं

आता कुटुंब. नवरा, बायको आणि दोन मुलं अशी एकत्रित पॉलिसी सोयीची आणि स्वस्त पडते. पण तिच्यात चार गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, रक्कम सगळ्यांत मिळून आहे की प्रत्येकी. एकाच अपघातात दोघं जखमी झाले तर सामायिक रक्कम झरझर संपते. राफ्ट उलटते तेव्हा ती एकट्यासाठी उलटत नाही.

दुसरी, वय. आई-वडील साठीच्या पुढचे असले की बहुतेक ठिकाणी त्यांची पॉलिसी वेगळी, उपचारांच्या पोटमर्यादा वेगळ्या. साहसी खेळांचं पूरक संरक्षण त्या वयाला मिळतंच असं नाही. माझी आई अडुसष्ट वर्षांची. तिला बंजी नको, पण जेटबोटीत बसायचं आहे. तिच्या पॉलिसीत जेटबोट साहसात मोडते की जलप्रवासात, हे विचारायला मी तीन ईमेल केले. तिसऱ्याला उत्तर आलं.

तिसरी, मुलं. स्कूबासाठी सहसा दहा वर्षांची अट असते, बंजीसाठी वयाबरोबर वजनाचीही. संचालकाने खेळू दिलं म्हणजे विम्याने मान्य केलं, असं नाही आणि विम्याने मान्य केलं म्हणजे संचालक खेळू देईल, असंही नाही. दोन्ही अटी मुलाच्या जन्मतारखेशी ताडून बघायच्या.

चौथी सगळ्यांत दुर्लक्षित. एक जण रुग्णालयात पडला की उरलेल्या सहा जणांचं काय? सोबत थांबणाऱ्याचा मुक्काम, अल्पवयीन मुलांना कुणाच्या तरी सोबतीने घरी पाठवणं, पुढच्या मुक्कामांचं रद्दीकरण, या बाबी पॉलिसीत लहान टायपात असतात. कुटुंब म्हणून जाणाऱ्याला खरी गरज त्यांची पडते. फुकेतला भावाच्या हातापेक्षा आम्हाला जास्त दमवलं ते चुकलेल्या विमानाने.

मी यंदा एक तक्ता केला. उभ्या रकान्यात सात नावं, आडव्या ओळीत प्रत्येकाने करायच्या गोष्टी, प्रत्येक चौकोनात पॉलिसीचा पान नंबर. ज्या चौकोनात पान नंबर भरता आला नाही, ती गोष्ट एक तर विचारून घेतली किंवा सोडून दिली. दोन पॉलिसी या तक्त्यात बाद झाल्या. त्यांतली एक सगळ्यांत महाग होती.

विचारायचं कसं, कळवायचं कधी

फोनवरचं "हो मॅडम, सगळं कव्हर आहे" हे ऐकायला गोड, पण कागदावर त्याला वजन नाही. प्रश्न ईमेलने करावा आणि तो नेमका असावा. 'साहसी खेळ आहेत का?' असं मोघम विचारायचं नाही. 'प्रशिक्षकासोबत १२ मीटरपर्यंत प्रमाणपत्राविना स्कूबा, वय १४, उपचार आणि चेंबरचा खर्च कोणत्या कलमाखाली मिळेल?' असं विचारायचं. उत्तर पॉलिसीसोबत छापून ठेवायचं. प्रत्येक दाव्यात आधी आपल्या खिशातून किती जाणार, तो डिडक्टिबलचा आकडाही त्याच वेळी लिहून घ्यावा.

तिथे पोहोचल्यावर संचालकाचा परवाना बघायचा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणून संचालकांना नोंदणीची अट घातली. परदेशातही अशी नोंदणी असते आणि विचारलं तर चांगला संचालक ती दाखवतो. पावती जपायची. उडीआधी सही करून घेतात तो कागद जोखीम तुमची असल्याचा आहे, विम्याचा नाही. दारू पिऊन केलेलं साहस जवळपास कुठल्याच पॉलिसीत बसत नाही, तेव्हा पेला संध्याकाळी.

अपघात झालाच तर जीव सांभाळून लगेच मदत केंद्राला फोन करायचा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्यायचा. रुग्णालयाचे मूळ कागद, संचालकाची पावती, रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांची नोंद आणि पासपोर्टवरचे शिक्के, एवढं एका पिशवीत राहिलं पाहिजे. दावा चुकीने नाकारला असं वाटलं, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जायचं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. नियामकाचा १५५२५५ हा फोनही आहे. मात्र तिथे जाण्याआधी वगळलेल्या बाबींचं पान पुन्हा एकदा वाचावं. आमच्यासारखं आपणच चुकलेले असलो, तर एक चक्कर वाचते.

भावाने या जूनमध्ये दुचाकीचा परवाना काढला. बेचाळीसाव्या वर्षी, आरटीओच्या मैदानात, कॉलेजच्या पोरांमागे रांगेत उभं राहून, आठचा आकडा काढून. मग आंतरराष्ट्रीय परवानाही घेतला. तो वर्षभर चालतो. न्यूझीलंडमध्ये तो स्कूटर चालवणार नाही, असं आईने परस्पर ठरवलं आहे, ते वेगळं.

तुम्ही निघत असाल तर एवढंच करा. तिकिटं काढल्यावर एका संध्याकाळी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवा आणि पॉलिसीतलं 'वगळलेल्या बाबी' हे पान मोठ्याने वाचा. मुलांनाही ऐकू द्या. अर्धा तास लागतो.